तीनशे बरण्या आणि एक दर्दी

१ नोव्हेंबर, पहाटे ५.४०

आजपासून नवं आयुष्य. वही नवी, पेन नवं, मीही जवळजवळ नवाच.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे चरित्र लिहायची वेळ आली तर शोधाशोध नको. काल जेवताना हिने चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं की चाळीस वर्षं दोन्ही वेळा स्वयंपाक झाला, आता खांदा वर होत नाही, डॉक्टरही नको म्हणतात, तेव्हा ती निवृत्त. सात वर्षांपूर्वी मी पाणीपट्टी कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा हार, फोटो, साहेबांचं भाषण. हिने नुसता चमचा ठेवला.

मुलाला फोनवर कळलं. तो म्हणाला, दोघं माझ्याकडे चौदाव्या मजल्यावर राहायला या, ते घर भाड्याने देऊन टाकू. बरीच वादावादी होऊन शेवटी तडजोड: महिन्याभरात घरात जेवणाची नीट सोय लागलेली दिसली तर राहा, नाहीतर तीस तारखेला तो गाडी घेऊन येणार, सामान बांधून ठेवायचं.

ही एवढंच म्हणाली, "मला इथून हलायचं नाही. काय करायचं ते तुम्ही बघा."

बघतोच. दोन माणसांच्या जेवणाची सोय कोणीही करेल. मी या स्वयंपाकघरातून तयार जेवणाचा प्रीमियम व्यवसाय उभा करणार. शेकडो लोक जेवतील. त्यात आम्ही दोघं सहज बसू.

२ नोव्हेंबर

नाव ठरलं. काव्यान्न प्रीमियम. प्रत्येक जेवणाबरोबर स्वहस्ताक्षरात चार ओळी. बाजारात असं काही नाही. असूच शकत नाही.

शाळेतल्या कविता आजही तोंडपाठ आहेत. पाचवीत गुरुजी म्हणायचे, चालीवर म्हण रे. मी डोळे मिटून सुरू करायचो आणि सगळा वर्ग चिडीचूप. डोळे उघडले की कळायचं, मधली सुट्टी झालेली असायची. पण तोवरची शांतता खरी होती.

हिने विचारलं, प्रीमियम म्हणजे काय. म्हणालो, जे पोटातून मनात उतरतं ते. ती म्हणाली, पोटातून सहसा दुसरीकडे उतरतं.

दारावर पाटी लावली. शेजारच्या दंतवैद्यांनी 'कावळ्यान्न' असं वाचलं. दुसऱ्यांचे दात बघून बघून स्वतःच्या डोळ्यांकडे दुर्लक्ष झालंय त्यांचं.

४ नोव्हेंबर

बरण्या आल्या! प्रीमियम म्हटल्यावर प्लॅस्टिक चालणार नाही. जाड काच, रुंद तोंड, वर लाकडी झाकण. उजेडासमोर धरली की पहाट बरणीत भरल्यासारखी दिसते. व्यापारी तीनशेच्या खाली देत नाही. घेतल्या तीनशे. पलंगाखाली एकशे वीस, कपाटात ऐंशी, उरलेल्या न्हाणीघरात.

ही आंघोळीला गेली आणि तशीच बाहेर आली. भारावली असणार.

संकल्प: १) रोज पाचला उठणे. २) रोज नवी कविता. ३) स्वयंपाक शिकणे.

६ नोव्हेंबर, दुपारी

तिसऱ्या संकल्पाला हात घातला. घड्याळ बघत स्वयंपाक करणं मला यांत्रिक वाटतं. वेळ मोजायची माझी स्वतःची पद्धत बसवली. वाऱ्याची कविता एकदा म्हटली की गाजर शिजतं, चिमणीची दोनदा म्हटली की बटाटा.

आज चिमणीच्या तिसऱ्या कडव्यावर अडलो. घरटं झालं, पिल्लू झालं, पुढे काय होतं ते आठवेना. अंदाजे उतरवलं. दंतवैद्यांना नमुना दिला. त्यांनी एक बटाटा बराच वेळ चावला आणि म्हणाले, हे असंच चालू ठेवा, माझ्या धंद्याला बरं आहे.

म्हणजे दोन व्यवसायांत सहकार्याची शक्यता आहे. विचार करतो.

हिने दुपारी दूध-पाव खाल्ला. पथ्य असावं.

७ नोव्हेंबर

धोरणात्मक निर्णय. चावायचे पदार्थ बंद. फक्त सूप. सूपला 'शिजलं का' असं कोणी विचारत नाही.

तीन प्रकार. भोपळ्याचं म्हणजे 'केशरी कवडसा', वाटाण्याचं 'पाचूचं स्वप्न', अळंब्यांचं 'धूसर सांज'. लेबलं लिहिली. वाटाण्याचं फारच उतरलंय:

वाटाणा हिरवा, वाटाणा गोल,
कोण जाणील त्याचे मोल!

'जाणील' हा शब्द लिहिताना अंगावर काटा आला.

१० नोव्हेंबर

पहिली ग्राहक! मागच्या गल्लीतली एक तिशीची बाई. स्टेशनरीच्या दुकानात चिकटवलेला माझा कागद बघून फोन केला. कागदावर मी बरणीचं चित्र काढलं होतं, छायेसकट. तिने विचारलं, चित्रात आहे तशीच बरणी मिळते का, झाकणासकट? म्हटलं, अर्थात. बरणी परत द्यावी लागते का? म्हटलं, छे, ती आमची भेट. लगेच दोन मागवल्या. जरा थांबून म्हणाली, तीन करा.

सूप कोणतं, हे विचारलंसुद्धा नाही. एवढा विश्वास!

स्वतः पोचवून आलो. दारातून घरभर फुलांचा वास. खिडकीत पांढरे दोरे ओळीने वाळत घातलेले, विणकाम करत असावी. बोटांना कसलासा पांढरा थर. मला 'काका' म्हणाली. बरणी हातात घेऊन तिने आधी काचेवर टिचकी मारली आणि आवाज ऐकला. असे दर्दी लोक आता उरले नाहीत.

१३ नोव्हेंबर

दर्दी बाईंची रोज तीनची ऑर्डर पक्की! मेसेज आला: "काका, कांदा-लसूण टाळता आलं तर बघा, वास राहतो. तेलही नको." काय जीभ आहे! मसाले हळूहळू कमी करतोय. आजच्या सूपमध्ये पाणी, भोपळा आणि श्रद्धा एवढंच होतं.

हिने चव घेतली. म्हणाली, आजारी माणसासाठी आहे का? म्हटलं, रसिकांसाठी. म्हणाली, तेच विचारतेय.

१६ नोव्हेंबर

बाईंनी विचारलं, उकळतं ओतलं तर काच तडकत नाही ना? किती बारकाईने विचार करते! आमची काच तडकत नाही. मी कौतुकाने तिला माझं सूपचं तत्त्वज्ञान सांगितलं, दारातच, वीस मिनिटं. ती मधूनमधून बरणीच्या आत बघत होती.

एका कचेरीतून पाच बरण्यांची ऑर्डर आली होती. तासाभराने तिथल्या कारकुनाचा फोन: 'धूसर सांज' म्हणजे गोड की तिखट? म्हटलं, ती एक मनःस्थिती आहे. परत फोन आला नाही. गद्य माणसं.

दंतवैद्यांनी डोळे मिटून तिन्ही सूपं ओळखायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा म्हणाले, पाणी.

१९ नोव्हेंबर

आज मन भरून आलं. बाईंचा मेसेज: "लेबल लवकर निघत नाही, गोंद कमी लावाल का?"

म्हणजे ती माझ्या कविता जपून ठेवते! फाटू नयेत म्हणून इतकी काळजी! वहीत चिकटवत असेल. आजपासून दोनच ठिपके गोंद. कागदही जरा जाड घेतला, पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकायला हवा.

हिला मेसेज वाचून दाखवला. तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, एकदा तिच्या घरात आत जाऊन बघून या. म्हटलं, कलावंताने दारापर्यंतच जावं.

हल्ली ही दुपारी दंतवैद्यांच्या बायकोकडे जेवायला जाते. दोघींची गट्टी चांगली जमली आहे.

२३ नोव्हेंबर

मुलाचा फोन. सोय झाली का? म्हटलं, सोय काय विचारतोस, मागणी पुरवताना नाकी नऊ आलेत. ग्राहक किती? म्हटलं, संख्या महत्त्वाची नाही, निष्ठा महत्त्वाची. म्हणाला, म्हणजे एक. मग हिच्याशी बोलला. ही "हो", "नाही", "पाव", "चालतं रे" एवढंच बोलली. फोन ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवरच्या बाईला हात केला. चौदाव्या मजल्यावरून हात करायला समोर कोण असणार?

थोडा वेळ मला स्वस्थ बसवेना. मग चौदा शाखांचा आराखडा काढला, तेव्हा बरं वाटलं. चौदा हा आकडा त्याच्या मजल्यावरूनच सुचला. टोमणाही झाला, विस्तारही.

२६ नोव्हेंबर, सकाळी ११

घाईत लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर आलं.

चाळीस! एकदम चाळीस बरण्या! बाईंचा फोन: प्रदर्शनासाठी हव्यात, तीस तारखेला सकाळी स्वतः येऊन नेईन. दोनदा बजावलं, "काका, नुसत्या हव्यात हं."

नुसत्या. म्हणजे सोबत पाव नको. शुद्ध सूप. प्रदर्शनात! माझं सूप भिंतीशी टेबलावर मांडलेलं, लोक हळू आवाजात बोलतायत.

आणि तारीख कोणती? तीस! मुलगा गाडी घेऊन दारात येईल तेव्हा माझ्या चाळीस बरण्या दिमाखात बाहेर पडत असतील. त्याला म्हणेन, गाडी आणलीच आहेस तर पोचवायला मदत कर.

हिला म्हटलं, आता कुठे जात नाही आपण. ती म्हणाली, तसं झालं तर बरंच आहे. पण नुसत्या म्हणजे काय, ते पुन्हा एकदा विचारून घ्या. म्हटलं, भाषेच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

सकाळी सहापासून ओट्याशी. चौदा किलो भोपळा. पातेली पुरेनात म्हणून शेजारून तीन आणली. वाऱ्याची कविता किती वेळा म्हटली, हिशेब नाही. शेवटी वाऱ्यालाच दम लागला.

चाळीस बरण्या भरल्या, झाकणं लावली, चाळीस वेगवेगळ्या कविता लिहिल्या. ही दुपारभर खुर्चीवर बसून बघत होती. एकदा उठून तिने डाव्या हाताने गॅस बारीक केला.

मुलाची बायको म्हणे आमची खोली झाडून तयार करतेय. करू दे. पाहुण्यांना उपयोगी पडेल.

३० नोव्हेंबर, दुपारी ४

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दहा वाजता दर्दी बाई आल्या. टेबलावर केशरी बरण्यांच्या चार ओळी बघून दारातच थांबल्या. मला वाटलं, शब्द सुचत नाहीत.

म्हणाल्या, "काका, या भरल्यात का तुम्ही?"

म्हटलं, काठोकाठ.

"मला रिकाम्या हव्या होत्या. नुसत्या बरण्या, असं म्हटलं होतं मी."

ती मेणबत्त्या करते. सुगंधी. अशी जाड काच आणि लाकडी झाकण तिला कुठे मिळत नव्हतं, आणि व्यापारी तीनशेच्या खाली देत नाही. म्हणून रोज तीन सूपं. ते दोरे म्हणजे वाती. बोटांवरचा पांढरा थर म्हणजे मेण.

मी विचारलं, मग सूपचं काय करत होतीस? म्हणाली, "खरं सांगू?" आणि सांगितलं नाही. गुणी मुलगी आहे.

कवितांबद्दल विचारलं नाही. काही गोष्टी माणसाने राखून ठेवाव्यात.

प्रदर्शन आजच. मग आम्ही तिघं ओट्याशी उभे राहिलो आणि बरण्या उपड्या करत सुटलो. पातेली भरली, कुकर भरला, तवा सोडून सगळं भरलं. घमेलं, दुधाचं भांडं, चहाची किटली, शेवटी फुलदाणी. बाई लेबलं सोलत होत्या, दोन ठिपक्यांमुळे सटासट निघत होती. ही एका हाताने बरण्या विसळत होती आणि हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. महिन्याभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

बाई चाळीस बरण्या घेऊन गेल्या आणि एक वाजता मुलगा आला. रिकामी खोकी, दोरी, सगळं घेऊन. स्वयंपाकघरात शिरला. एकेक झाकण उचलून बघू लागला. पातेल्यात सूप. कुकरमध्ये सूप. चहा करून घ्यावा म्हणून किटली उचलली, त्यात सूप. तो माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं, पण मला पहिली ओळच सुचेना.

ही म्हणाली, "बघितलंस? आठ दिवसांचं जेवण आहे घरात. सोय नाही कोण म्हणतं?"

"आई, आठ दिवसांनी हे संपेल. मग?"

"मग हे करतील."

हे म्हणजे मी. मागे वळून खात्री करून घेतली, दुसरं कोणी नव्हतं.

मुलगा जेवला. दोन वाट्या. मीठ तीनदा घेतलं. मग खोकी जशीच्या तशी गाडीत ठेवली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, बाबा, तिला सारखा पाव खाऊ देऊ नका.

ते पथ्य नव्हतं, असं दिसतंय.

३ डिसेंबर

सकाळी सूप. दुपारी सूप. मधल्या वेळी काही नको, असं दोघांनी एकमताने ठरवलं.

उरलेल्या बरण्या मेणबत्तीवाली महिन्याभरात घेऊन जाणार; न्हाणीघरातल्या आजच नेल्या. न्हाणीघर मोकळं झालं. ही पाऊण तास आंघोळ करत होती.

८ डिसेंबर, सकाळी १०.३०

फुलदाणीतलं शेवटचं सूप काल संपलं.

काव्यान्न प्रीमियम तूर्त स्थगित. बाजार अजून तयार नाही.

मघाशी ही खुर्ची ओढून ओट्याजवळ बसली. म्हणाली, आज भात करा, आपल्या दोघांपुरता.

म्हटलं, एवढंच ना. ऐटीत तांदळाचा डबा उघडला. मग हात धुतले. मग डबा झाकला. मग पेन शोधायला म्हणून इकडे आलो.

दोघांपुरते म्हणजे तांदूळ किती? वाटी? मूठ? वाटी असली तर कोणती? इतकी वर्षं ताटात आला तेवढा खाल्ला.

आतून हाक आली, अहो, काय लिहिताय एवढं?

जातो. विचारतो.