तू झोपेत असताना निघाले

चिमे,

तू गाढ झोपलीस, म्हणून न उठवताच निघतेय. रागावू नकोस. "आई, मला नाही जमणार हे कॉलेज, हे हॉस्टेल, घरी घेऊन चल," म्हणून काल रडलीस, तेव्हा माझंच काळीज हललं. तू जागी असतीस तर तुझी बॅग भरून तुला सोबत घेऊनच गेले असते. म्हणून अशी चोरासारखी पळतेय.

उजाडताना खिडकीशी बसून तुला बघत होते. पडदा हलला की तुझ्या गालावर उजेड यायचा आणि तू पुन्हा एवढीशी दिसायचीस. मध्येच झोपेत पुटपुटलीस, "थांबा, मीपण येते." कुणाला म्हणालीस देव जाणे, पण हसत होतीस. मला फार बरं वाटलं.

शेजारच्या कॉटवरच्या ताईने मला चहा करून दिला. म्हणाली, "काकू, मीही पहिला आठवडा रडूनच काढला. हिला आज जेवायला मी नेते." तिच्याबरोबर जा, भूक नाही म्हणू नकोस. वर्गात शेजारी बसेल तिचं नाव आपणहून विचार. एखादं डोक्यावरून गेलं तर त्याच दिवशी सरांना गाठ, साठवून ठेवू नकोस. बाबांचा फोन येईल. तुझ्या आठवणीने त्यांना नीट बोलता येणार नाही, तूच बोल.

पहिला महिना घरी येऊ नकोस, असं सगळेच सांगतात, मीही सांगते. पण अगदीच जीव गुदमरला तर ये. दार मीच उघडेन आणि काही विचारणार नाही.

आई