पहिला बार कुणाचा

११ जानेवारी २००४
आली! एकदाची आली! कोल्हापूरच्या दुकानातून, गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत माझ्या मांडीवर आडवी झोपून आली. नवी कोरी ठासणीची बंदूक. घडण जुनीच – नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याची गुठळी, मग छरे, आणि गजाने ठासायचं – पण लाकडाला अजून पॉलिशचा वास येतोय. आधीच्या बंदुकीची नळी तडकली होती. ती गेल्याचं मला काडीचंही दुःख नाही.

परवान्यावर सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, नावाखाली माझंही नाव चढलंय. यांना फोन केला तर मुंबईहून म्हणतात, "कमल, नेम धरताना माझा फोटो नको हं लावूस!" बागेतली वानरं हाकलायला बंदूक हवीच. पण खरं कारण वेगळं आहे, इथे लिहायला काय हरकत?

शिमग्याला देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठते तेव्हा पहिला बार आमच्या घराचा. तो झाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. चाळीसेक वर्षं आप्पांनी तो काढला. गेल्या शिमग्यात त्यांचे हात थरथरले, बार पेटवणारी केप बसेना. शेजारच्या घरातल्या भागोजीने – यांचा चुलतभाऊ – पटकन पुढे होऊन स्वतःचा बार काढला. आणि आता गावभर सांगत फिरतोय, मान आमच्याकडे आला म्हणून! यांना बंदुकीचं नाव काढलं तरी घाम फुटतो. मग राहिलं कोण? मी.

१२ जानेवारी
मागच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत गेले. समोर जांभ्याची सरळ भिंत, तिथे रंगाच्या डब्याचं झाकण टांगलं. आप्पा लांब एका चिऱ्यावर बसले. त्यांना ऐकू कमी येतं, पण डोळे घारीचे. मी ठासलं, केप लावली, देवीचं नाव घेतलं आणि – धडाम! खाणभर पांढरा धूर. नाकात दिवाळीच्या पहाटेचा वास. धूर गेला तेव्हा झाकण आपलं मजेत लटकतंय, ओरखडासुद्धा नाही. मी एकटीच खदाखदा हसत सुटले. इतकी मजा मला कुठल्या लग्नातही आली नव्हती. माझ्या स्वतःच्यासुद्धा!

आप्पा एवढंच म्हणाले, "डोळे मिटतेस."

१३ जानेवारी
उजवा खांदा हिरवानिळा. वेणी डाव्या हाताने घातली. तशीच दिसतेय.

१८ जानेवारी
आज काय झालं ते मी मेले तरी कुणाला सांगणार नाही. (सगळ्या वाडीला आधीच कळलंय.)

दारू घातली, काथ्या घातला, छरे घातले, गजाने छान ठासलं. तेवढ्यात वर आंब्यावर वानरांची टोळी उतरली. मी धावत बागेत, केप लावली, हवेत बार काढला. वानरं पसार! मीही खूश. मग पुन्हा भरायला गज शोधते तर गज कुठाय? गज नळीतच राहिला होता!

अर्ध्या तासाने भागोजी आला, हातात माझा गज, भाल्यासारखा धरलेला. "वहिनी, आमच्या फणसात हा उगवलाय. कलम तुम्ही बांधलंत काय?" मागे त्याची बायको चिमा पदर तोंडात कोंबून उभी. नशीब, फणसाखाली कुणी नव्हतं! दिवसभर तोच विचार येऊन अंगावर काटा येतोय. आप्पांनी गज पुसून कोपऱ्यात ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२६ जानेवारी
लागला! झाकणाला लागला! चाळण झाली. आज डोळे उघडे ठेवले होते. आप्पांकडे पाहिलं तर ते भलतीकडेच आभाळ बघत म्हणाले, "केपा तांदळाच्या डब्यात ठेवत जा. दमट होत नाहीत." म्हणजे शाबासकीच की!

८ फेब्रुवारी
देवळात गावकीची बैठक. गावचे प्रमुख काशीराम गावकर यांनी विषय काढला – या साली पहिला बार कुणाचा? भागोजी लगेच उठला. "बायमाणसान् बार काढायची रीत नाय आपल्यात. आप्पांचा हात चालत नाय, दादा मुंबईस. मान आमच्याकडं येतो." म्हातारी सोनूबाई मागून कडाडली, "देवी काय बाप्या हाय रे मेल्या?" सगळे हसले. मीही हसले.

काशीराम आप्पांकडे वळले. "तुम्ही सांगा आप्पा. सुनेस मान देतांव काय?" आप्पा खांबाला टेकून गप्प. ऐकू आलं नसेल म्हणून काशीरामांनी मोठ्याने विचारलं. तरी गप्प! शेवटी ठरलं, शिमग्यात पालखीपुढे काय ते बघू.

मला भयंकर राग आलाय. दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? या घरात तेवीस वर्षं राबले, बाग सांभाळली. रात्रीच्या आमटीत मीठ कमी पडलं – मुद्दाम.

२२ फेब्रुवारी
राग आहेच. पण बंदूक काय हो, तिचा काय दोष? आज चार बार, चारही बरोबर. धूर गेला की झाकण गरगर फिरताना दिसतं, आणि मला शाळेतल्या पोरीसारखं नाचावंसं वाटतं. चिमा हळूच येऊन बघून गेली. म्हणाली, "वहिनी, यांना सांगू नका, पण पयला बार तुमीच काढा." चिमा! भागोजीच्या घरातलं एक मत आमचं!

३ मार्च
संपलं सगळं. निवडणूक लागली. आचारसंहिता. परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, मतदान होऊन निकाल लागेपर्यंत. शिमगा चार दिवसांवर! भागोजीची गेली, काशीरामांची गेली, आमची गेली. मी आप्पांना रिक्षाने रत्नागिरीला नेलं. हवालदार बिचारा चांगला होता, म्हणाला, "काकी, वरून हुकूम आहे." आप्पांनी सही केली. माझ्या नव्या कोऱ्या बंदुकीला हवालदाराने चिठ्ठी बांधली आणि इतरांच्या ढिगात टाकली. रिक्षात मी रडले. लाज वाटली नाही.

५ मार्च
वानरांना बातमी लागलेली दिसते. पायरीवर बसून कैऱ्या खात होती. माझ्याकडे बघून!

७ मार्च
आज पालखी उठायची. ढोल, ताशे, नारळ, गुलाल, अख्खा गाव सहाणेभोवती. देवीला गाऱ्हाणं घालून झालं. आणि मग – काहीच नाही. बंदूक कुणाकडेच नाही. भागोजीने खिशातून सुतळी बाँब काढला, तेव्हा काशीरामांनी डोळे वटारले. भोई घुटमळत उभे. ढोल थांबले.

त्या शांततेत आप्पा काठी टेकत पुढे झाले. हात कानामागे धरून मोठ्याने विचारतात, "झाला काय रे बार?"

म्हातारा विसरला, माझ्या मनात आलं, बंदुका गेल्या हेच विसरला! काशीराम दोन्हीकडे बघून म्हणाले, "झाला, आप्पा!"

"कुणी काढलान?"

मग सोनूबाई ओरडली, "तुमच्या सुनेनं!" काशीराम म्हणाले, "व्हय, सुनेनं काढलान." भोई म्हणाले, बायका म्हणाल्या. आप्पा थेट भागोजीसमोर जाऊन उभे. "काय रे, खरा काय?" भागोजीने मान खाली घातली. "व्हय काका. वहिनीन् काढलान."

"बरा वाजला असंल," म्हणाले आप्पा, आणि देवीला हात जोडले. पालखी उठली.

सगळे हसत नाचत होते. मला मात्र वाईट वाटतंय. देवीच्या दारात आपण सगळ्यांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाला फसवलं.

८ मार्च
राहवेना. सकाळी चहा देताना कानाशी वाकून सांगितलं, "आप्पा, काल बार झालाच नाही. बंदूक ठाण्यात आहे."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "ठाऊक हाय. सही मीच केली ना? देवळात मी एकटा बोललो असतो तर सासऱ्यान् दिलेला मान झाला असता. आता देवीसमोर अख्ख्या गावान् कबूल केलान, भागोजीनपण. पुढच्या साली नाय म्हणून दाखवू दे."