हालवरची होडी गोठली

ती. आईस,

आधी एवढं वाच: तुझा जावई हालवर सुखरूप घरी आहे.

मार्च सरत आला, सुपीरियर सरोवर मोकळं झालं, म्हणून सोमवारी तो जाळी काढायला गेला. दुपारपर्यंत असा कडाका परतला की किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याची होडी बर्फात रुतली. मी नुसती बघत राहिले गं.

शेजारची सत्तरीची गुद्रुनमावशी ओरडली, "रडतेस काय? शिडी आण!" कोवळ्या बर्फावर शिडी पुढे सरकवत, पोटावर सरपटत आम्ही त्याला आणलं.

त्याच्या हाताची दोन बोटं काळी पडलीत, डॉक्टर बघतायत. बाबांचा खोकला कसा आहे?

हालवर नीट जेवतो. फक्त सरोवराकडे पाठ करून बसतो. मीही सरोवराकडच्या खिडकीला चादर लावलीय.

तुझीच,
सोलवेग