रुमालाआडचा आवाज

तुमसर,
१२ मार्च १९८४

तीर्थरूप ताराचंदकाकांस सुलोचनेचा नमस्कार.

तुमच्या मंदाच्या साखरपुड्याचं आमंत्रण पोचलं. माझी तब्येत बरी आहे. आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकदाचा नवा पंखा लागला. आजीचे गुडघे कसे आहेत? यंदा धान चांगलं झालं म्हणे.

आता खरं लिहिते, कारण हे गोडगोड लिहिणं मला जमत नाही.

मुलगा गोंदियाचाच ना? माझ्या धाकट्या बहिणीला, रुखमिणीला, पसंत करून गेला होता तोच. तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि महिना सरायच्या आत तेच पाहुणे तुमच्या ओसरीवर पोहे खाऊन गेले. पोरीला मिरगी येते, असा त्यांना कुणाचा तरी फोन आला होता, एवढं मध्यस्थानं सांगितलं. नाव विचारलं तर तो माणूस म्हणे, "हितचिंतक समजा."

फोनवर चेहरा दिसत नाही, तेव्हा आपल्याला कोण ओळखणार, असं तुम्हाला वाटलं. काका, आपल्या नाकाडोंगरीहून गोंदिया लागतं ते तुमसरच्या आमच्या एक्सचेंजच्या बोर्डावरून. तुम्ही फोन केला की तुमच्या नंबरची पट्टी आमच्यासमोर खाली पडते आणि एक बाई हातानं तार जोडते. त्या दिवशी मी रजेवर होते हे तुम्हाला माहीत होतं. पण माझ्याऐवजी बोर्डावर बसणाऱ्या बेबीबाईचं लेकरू तापानं फणफणलं, म्हणून तिच्या जागी मी बसले होते. तोंडावर रुमाल धरून तुम्ही मला म्हणालात, "बाई, गोंदिया जोडून द्या." स्वतःच्या पुतणीला! काका गंमत करताहेत असं वाटून मला आधी हसूच आलं. जोडून दिल्यावर आम्ही ऐकणं सोडून बाजूला व्हायचं असतं. मी झाले नाही.

रुखमिणी धानाच्या बांधीत कशी पडली, तोंडाला फेस कसा आला, दातखीळ कशी बसली, तुम्ही अगदी कळवळून सांगत होता. तेवढ्यात मागून आजी ओरडली, "अरे ताराचंद, चाय थंडी होऊन राहिली ना!" तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवलात, पण उशीर झाला होता. मी ऐकलं म्हणजे गोंदियावाल्यांनीही ऐकलं. तरी ते तुमच्या दारी आले. असल्या घरात माझी बहीण पडली नाही हे बरंच झालं.

मी तरीही गप्प होते. बोर्डावर कानी पडलेलं बाहेर काढायचं नाही असा नियम आहे आणि मला नोकरीची भीती वाटत होती. पण मागच्या आठवड्यात मी घरी गेले होते तेव्हा तुम्ही आलात. बाबांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "दादा, ज्यानं हे केलं ना, त्याच्या जिभेत किडे पडतीन." आणि आईच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे मागून मागून खाल्लेत. वाढत मी होते. तेलानं माखलेली तुमची बोटं पाहून मी वाढणं सोडून मागल्या दारी निघून गेले.

रुखमिणीला आता बाया विहिरीवर पाणी ओढू देत नाहीत. "राहू दे वं बाई, पडशीन आत," म्हणतात. ती रिकामी घागर घेऊन उभी राहते. कुणी भरून दिली तर घरी येते.

काल मंदाचा फोन आला, तुमच्याच नंबरवरून. तिनं आधी आपलं नाव सांगितलं. मग म्हणाली, "ताई, रुखमिणीले मिरगी येते म्हणून गोंदियाले कोणं सांगतलं? मी त तिच्यासंग लहानाची मोठी झालो, मले कधी दिसली नाही."

मी तिला तुमचं नाव सांगितलं.

  ती म्हणाली, "रविवारी बाबाले घेऊन तुमच्या घरी, मोठ्या बाबाकडे येतो. ते नाही बोलले त मीच सांगतो, सगळ्यायच्या समोर." तिचा आवाज ऐकून साखरपुडा होईल असं मला वाटलं नाही.

रविवारी मीही घरी येते आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलं असं आमच्या एक्सचेंजच्या साहेबांनी किंवा आणखी कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा. पूर्ण सांगा.

सुलोचना सुखराम लांजेवार
टेलिफोन ऑपरेटर, तुमसर