राजीखुशीची ओळ

लिहून ठेवणार जोतीराम बाळा साळुंखे, वय ६९, धंदा दस्तलेखन, राहणार उंब्रज, तालुका कराड. डोके ताळ्यावर आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाने नव्हे, मागच्या मंगळवारी बसलेल्या धक्क्याने लिहितो आहे.

कलम १. नमुन्यांची वही. चाळीस वर्षे कचेरीबाहेर बसून मी लोकांची खरेदीखते, वाटणीपत्रे या वहीवरून लिहिली. पक्षकार सांगेल ते त्याचे. सांगणार नाही तिथे वहीतले जसेच्या तसे. काम झपाझप व्हायचे, याची मला घमेंड होती. शेजारच्या टेबलावरचा भाऊसो ही वही दहा वर्षे मागतो आहे. त्याला माझी खुर्ची द्यावी, तिचा एक पाय आखूड आहे. वही चुलीत घालावी.

कलम २. तारळीकाठचे दोन एकर. माझी धाकटी बहीण रंगूबाई माण तालुक्यात दिली आहे. दुष्काळात तिने दोन वर्षे खडी फोडली. मंगळवारी ती टेबलाशी आली आणि आमच्या वडिलांच्या या रानातला वाटा मागू लागली. मी तडकलो. मीच लिहिलेल्या वाटणीच्या कागदावरचा तिचा अंगठा दाखवला, मोठ्याने वाचले, "बहिणीने चोळीबांगडीवर समाधान मानून आपला हक्क राजीखुशीने सोडला आहे."

"दादा, ह्ये मी कवा म्हनलं रं? तू अंगठा दे म्हनलास, मी दिला."

मी हबकलो. तिला विचारलेच नव्हते. ती ओळ वहीतली होती. घरी जाऊन जुन्या नकला काढल्या, तर कागदामागून कागद तीच ओळ! किती बायकांची राजीखुशी मी परस्पर लिहून टाकली, देव जाणे.

सबब त्यातला एक एकर रंगूबाईचा. हे दान नव्हे. तिच्या नावे करण्याचा अर्ज दिला आहे. तोवर माझे बरेवाईट झाले तर या कलमावर जमीन तिला मिळावी. उरलेला एकर माझा मुलगा लालासाहेब याचा. त्याने पलटणीतून रजेवर येऊन आत्याशी हुज्जत घालू नये.

कलम ३. उंब्रजचे राहते घर लालासाहेबास. ~~कन्या शालूबाई हिने चोळीबांगडीवर समाधान मानून आपला हक्क राजीखुशीने सोडला आहे.~~

वरील कलम रद्द. साक्षीदार नानासो कागद वाचता वाचता इथे थांबला. म्हणाला, "आवं अण्णा, शालूला इचारलंसा का?"

वही समोर नव्हती, तरी हाताने लिहिलेच. कलम दोनची शाईसुद्धा वाळली नव्हती.

शालू माहेरपणाला आली आहे, आत भाकरी थापत होती. तिला हाक मारली आणि विचारले. मला आपले वाटत होते, नको म्हणेल. ती पिठाच्या हातांनी दारात उभी राहिली.

"मला पायजे, अण्णा. तुमी कवा इचारताय, त्याचीच वाट बगत हुते."

कलम ३, दुरुस्त. घर दोघांना निम्मे निम्मे.

खाडाखोड एक ठिकाणी, माझ्या हातची. कागद सर्वांसमक्ष वाचून, विचारून पुरा केला.

सही: जोतीराम बाळा साळुंखे
साक्षीदार: १. नानासो गणू माने २. हंबीरराव तुकाराम कदम
उंब्रज, ता. १७ फेब्रुवारी १९७४