मांडवातली एस्प्रेसो

माय, आज नातीनं मला शहरातल्या कॉफीच्या दुकानात नेलं. काय घेशील विचारलं, तर मी लगेच म्हटलं, एस्प्रेसो. एवढुशा कपात काळं, कडू असं काहीतरी आलं. मी म्हटलं, "ही नाही." काउंटरवरची मुलगी समजावू लागली, एस्प्रेसो म्हणजे हीच, नुसती कॉफी. तिच्यावर दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस पातळ ठेवला की लाटे. मग मी दोन्ही मागवल्या. एकीचा फेस जुळला पण कडूपणा नाही जुळला, दुसरीचं दूध जुळलं तर फेसच नव्हता. मी गोंधळून बसले.

जळगाव जामोदचं ते लग्न आठवतं? तू दाई, नवरी तुझ्याच हातावर जन्मलेली, म्हणून आपल्याला बोलावणं. आपण बौद्ध, त्या घरी तुझ्या चहाचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, पिऊन झाला की तूच तो विसळून ठेवायचीस. म्हणून मांडवातही तू माझा हात धरून कडेलाच उभी आहेस. अकोल्याहून आणलेलं कॉफीचं वाफेचं यंत्र फुसफुसतंय. नवरीची आजी स्वतः कप घेऊन येते, सगळ्यांच्या हातात आहे तसाच. "घ्या बाई, एस्प्रेसो हाये." तू घोट घेतेस, ओठावर फेस. मला हळूच म्हणतेस, "याच्यात कॉफी कुठी हाये वं? सारं दूधच तं हाये." पण शेवटच्या थेंबापर्यंत पितेस, आणि सवयीनं कप विसळायला पाणी शोधू लागतेस. आजी तुझ्या हातातून उष्टा कप काढून घेते. "राहू द्या, पोरं धुतील."

पुढं काही दिवसांनी त्याच घरच्या गरोदर सुनेला तपासायला गेलो, तर पुन्हा तोच कोनाडा, तोच कप. वाटेत मी विचारलं, "काऊन वं माय? त्या दिवशी तं सगळ्यायच्या कपात देल्ली." तू चालता चालताच म्हणालीस, "त्या दिवशी कप भाड्याचे होते."

एवढंच असेल का? मग आजीनं तुझा उष्टा कप हातात का घेतला? तीन कप पुढ्यात घेऊन मी आज तेच उलगडत बसले होते, आणि मला अजून कळलेलं नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? नात विचारत होती, "आजी, मग ती नेमकी कशी होती?" मी म्हटलं, चव आठवत नाही. आठवते, माय. फार गोड होती.