दादाने मान वळवली

तीर्थरूप मामांना,

इंचनहून ह्ये-रिनचा दोन्ही हात टेकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार असेल, मामींचा खोकला थांबला असेल आणि बुसानच्या दुकानात हाडांचं सूप पहाटेपासून रटरटत असेल, असं धरून चालते. (तसं नसेल तर कळवा. चांगलं धरून चालणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.)

मामा, आपल्या घरातलं नाव आजवर दुकानाच्या पाटीशिवाय कुठे लिहिलं गेलेलं नाही. ते आता गुंडांच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात, शेवटी वर सरकणाऱ्या नावांत येणार की नाही, हे या महिन्याच्या कामावर ठरायचं होतं. काम म्हणजे एका शॉटमध्ये पेला कोणाच्या कोणत्या हातात होता ते वहीत लिहायचं आणि पुढच्या शॉटमध्ये तो तिथेच आहे ना ते बघायचं. घरातली पहिली पदवी घेऊन मुलगी पेले मोजते, असं आई शेजारणीला सांगते. पण पहिल्या भागात एका गुंडाची जखम डाव्या भुवईवरून उजव्या भुवईवर गेली होती, तेव्हा मी तिथे नव्हते, हे आईला कोण सांगणार?

तर या भागात जुना दादा तुरुंगात गेलाय आणि नवा दादा झालाय पांग इन-हो, वय बत्तीस. त्याचे हुजरे चॉनकाका, ज्यांच्या मालिका बघून मामी रडतात ते, वय सदुसष्ट. दादाने त्यांना लाथेने टेबलापलीकडे उडवायचं आणि शांतपणे सोजू दारूचा पेला रिकामा करायचा. लाथ उत्तम बसली. (कॅमेरा थांबला की इन-हो धावत जाऊन त्यांची पाठ चोळायचा आणि कमरेत वाकून माफी मागायचा.) पेला मात्र त्याने दोन्ही हातांनी धरला आणि मान वळवून, आडोशाने प्यायला. आता आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर आदर म्हणून कोणीही असंच पितो, म्हणून साठ माणसांत कोणालाच काही खटकलं नाही. मीही वहीत 'मान डावीकडे' असं इमानाने लिहिलं आणि पुढच्या शॉटलाही ती डावीकडेच वळली म्हणून खूश झाले.

तिसऱ्या दिवशी जेवताना तुमची आठवण झाली आणि मी ताट सरकवून वही उघडली. टोळीत वय बघत नाहीत, पायरी बघतात, असं तुम्हीच सांगायचात ना? म्हणजे तीन दिवस आमचा क्रूर दादा आपल्याच हुजऱ्यापुढे नव्या सुनेसारखा पीत होता.

पण सांगायचं कसं? दिग्दर्शक ग्वाकसाहेब बाबांच्या वयाचे आणि मी सगळ्यांत धाकटी. चूक काढली म्हणून घरी पाठवलं तर यादीतलं नावही गेलं. तीनदा त्यांच्या खुर्चीपर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा तोंडातून निघालं, "साहेब, आपला दादा जरा जास्तच संस्कारी वाटतोय."

सगळ्यांनी मिळून तो शॉट पुन्हा पाहिला. शेवटी चॉनकाकाच म्हणाले, "तरीच म्हटलं, लाथ खाऊनसुद्धा मला एवढा मान मिळाल्यासारखं का वाटतंय."

"पोरी, हे कॉलेजात शिकवतात?" ग्वाकसाहेबांनी विचारलं.

"नाही. माझ्या मामांनी शिकवलं," मी म्हटलं. मामा, हे मी मान खाली न घालता म्हटलं.

संध्याकाळी साहेबांनी स्वतःच्या हाताने यादीत माझं नाव लिहिलं. अक्षर फार वाईट आहे, पण नाव बरोबर आहे.

तुमची भाची,
ह्ये-रिन

ता. क. तीन दिवसांचं काम आता पुन्हा करायचंय आणि इन-होची मान काही केल्या सरळ राहत नाही. म्हणून शनिवारी तो तुमच्या दुकानात येतोय. तुमच्यासमोर बसून, तुमच्या डोळ्यांत बघून, एका हाताने पिण्याचा सराव करायला. कृपा करून रागावू नका.

ता. क. तुम्ही टोळीत नऊ वर्षं होतात, असं मी सगळ्यांना सांगितलंय. आईने काल फोनवर सांगितलं की नऊ दिवस होतात आणि तेही हॉटेलबाहेर त्यांचे जोडे राखायला. पण मी ते वहीत शाईने लिहून बसलेय. शनिवारपुरती नऊ वर्षंच असू द्या.

ता. क. हात आवरलाच नाही, तर थप्पड डाव्या गालावर द्या. सोमवारच्या शॉटमध्ये त्याचा डावा गाल सुजलेला हवाय.